चंद्राक्काचा हट्टी आकडा

चंद्राक्का बसमध्ये चढली की आधी मला म्हणायची, "स्वल्प सरक गे, विमला," आणि मी सरकायचे. खरं तर जागा माझी होती. कारखान्याची बस बंगळूरच्या जे. पी. नगरहून निघायची. पहिल्याच थांब्यावर मी चढायचे आणि डावीकडच्या तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसायचे. बसवनगुडीला अक्का चढायची आणि तिथून होसकोटेपर्यंतचा सव्वा तास खिडकी तिची. सात वर्षांत मी एकदाही नाही म्हटलं नाही. अक्काला खिडकी लागते हे सगळ्या बसला ठाऊक होतं. मी बाहेर बघतच नसे. मांडीवर वही घेऊन दिवसभराच्या कामांची यादी करत असे.

माझं नाव विमल. अक्काच्या तोंडी त्याचं विमला झालं आणि मग सगळ्या बसच्या तोंडी. पहिल्या आठवड्यात मी तिला अहो-जाहो करत होते. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "अक्काला कुणी तुम्ही म्हणतं काय गे? तुमच्या पुण्यात बहिणीला पण अर्ज करतात काय?" तेव्हापासून तू.

तिचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. "घोडे घेऊन आले होते आमचे. परत जायचं विसरले," असं ती सांगायची. तिच्या मराठीत निम्मी कन्नड होती आणि माझ्या मराठीला ती पुस्तकातली मराठी म्हणायची. फिकट सुती साडी, केसांत अबोलीचा गजरा, हातात स्टीलचा डबा आणि डब्याच्या पिशवीत पेन्सिलीचं एक थोटूक. ते थोटूक सात वर्षांत कधी लांब झालेलं मी पाहिलं नाही आणि संपलेलंही पाहिलं नाही.

खिडकीतून ती गाड्यांचे नंबर बघायची. समोरून लॉरी आली की तिचे ओठ हलायचे आणि लॉरी मागे पडायच्या आत निकाल लागलेला असायचा. "दोन हजार एकवीस. त्रेचाळीस रांगा, एका रांगेत सत्तेचाळीस." किंवा, "तीन हजार पाचशे नव्व्याण्णव. साठाच्या साठ रांगा, एक कमी. म्हणजे एकोणसाठ आणि एकसष्ट. सोपा." एखाद्या नंबरावर मात्र ती गप्प व्हायची. दोन-तीन सिग्नल गप्प राहायची. मग निघून गेलेल्या गाडीच्या दिशेने मान किंचित झुकवायची आणि म्हणायची, "हट्टी. कुठेच बसत नाही." होसकोटेच्या अलीकडे रोज समोरून टोमॅटोचा एक टेम्पो यायचा, कोलारकडून बाजाराला जाणारा. त्याला ती रोज मान झुकवायची. मला वाटायचं ड्रायव्हर ओळखीचा असेल.

हट्टी हा तिचा शब्द. ती एकोणिसाव्या वर्षी पॅकिंगला लागली होती. आमच्या कारखान्यात बेअरिंग तयार होत. ती लाकडी ट्रेमध्ये रांगांत लावायची असतात. रांग अपुरी राहिली की बेअरिंग प्रवासात एकमेकांवर आपटतात आणि माल परत येतो. त्यामुळे आकडा हातात आला की तो किती रांगांत बरोबर बसेल हे बघायची तिला पहिल्या महिन्यातच सवय लागली, आणि मग ती सवय कारखान्याबाहेर आली. जगातले सगळे आकडे तिच्यासाठी दोन प्रकारचे होते. काही रांगांत बसायचे. काही कशातच बसायचे नाहीत, एका लांबच लांब रांगेतच उभे राहायचे. मी तिला सांगितलं की त्यांना मूळ संख्या म्हणतात. तिने ऐकून घेतलं. "असेल. आम्ही हट्टी म्हणतो," ती म्हणाली. आम्ही म्हणजे ती एकटी.

मला तिचा हेवा वाटायचा. हे एकदाच लिहून टाकते, म्हणजे मधेमधे लिहावं लागणार नाही. मी गणितात एम.एस्सी. आहे, पहिला वर्ग. दोन वर्षं पुण्याला कॉलेजात शिकवलं, मग यजमानांची बंगळूरला बदली झाली आणि मी इथे कारखान्याच्या प्लॅनिंग विभागात लागले. कोणता माल, किती, कोणत्या तारखेला, याच्या याद्या करणं हे माझं काम. ते मी चांगलं करते. मूळ संख्या कधीच संपत नाहीत हे मी फळ्यावर सिद्ध करून दाखवलेलं आहे. पण त्यांतली एखादी रस्त्याने समोरून येताना मला कधी दिसली नव्हती.

त्यात बसमधल्या मुली. असेंब्लीतल्या सगळ्या मुली आपापले नंबर घेऊन तिच्याकडे यायच्या, परीक्षेचे, घराचे, कशाचेही. एकीला बघायला आलेल्या मुलाच्या स्कूटरचा नंबर ती पाठ करून आली होती. अक्का म्हणाली, "चौदात बसतो, एकवीसात बसतो. कुठेही बसवून घेईल बघ तो. कर लग्न." मुलीने केलं. माझ्याकडे मुली रजेच्या अर्जाचा नमुना मागायला यायच्या.

एकदा ती डिस्पॅचमधून थेट माझ्या टेबलाशी आली. हातात मी सही केलेला कागद.

"विमला, चार हजार सातशे तेवीस अठ्ठावीसच्या ट्रेत बसत नाही."

"मग शेवटचा ट्रे अर्धा जाईल," मी मान वर न करता म्हटलं.

"हे गिऱ्हाईक अर्धा ट्रे कधी मागत नाही. बत्तीस असेल गे. चार हजार सातशे बत्तीस. तेराच्या तेरा रांगा, एकशे एकोणसत्तर ट्रे, अगदी काठोकाठ."

मी मूळ ऑर्डर काढली. चार हजार सातशे बत्तीस. शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते. मी ते उतरवले होते, नंतर तपासले होते, आणि कार्बनची प्रतसुद्धा तपासली होती. अक्काने ऑर्डर पाहिलीही नव्हती.

"फरक बघ किती. नऊ," ती म्हणाली. "शेजारचे दोघे उलटे झाले की फरक नेहमी नऊच्या पाढ्यातला. दुसरा कुठला येतच नाही." मग आवाज खाली आणून, "कुणाला सांगत नाही मी. चल, चहा पाज."

तिने खरंच कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान रागावता आलं असतं.

त्या आठवड्यात मी बसमध्ये तिला नऊच्या कसोटीची सिद्धता समजावून सांगितली. अंकांची बेरीज नऊने का भागली जावी लागते, ते दहाच्या घातांपासून नीट, पायरी पायरीने, माझ्या वहीच्या मागच्या पानावर. तिने सगळं ऐकलं. हो गे, हो गे म्हणत ऐकलं. शेवटी म्हणाली, "किती छान सांगतेस. शिकवायलाच पाहिजे होतीस तू." मी पेनाला टोपण लावलं. पण तिच्या ते लक्षात आलं नाही, ती पुढे बोलतच होती. "पण नऊ आंधळा असतो विमला. कोण कोण आलं तेवढं मोजतो. कोण पुढे, कोण मागे, त्याला दिसत नाही. म्हणून त्या दिवशी तुझी बेरीज बरोबर आली असणार आणि आकडा चुकीचा."

मी त्या दिवशी खरोखरच अंकांची बेरीज करून बघितली होती. हे मी तिला कधीच सांगितलेलं नव्हतं.

तेव्हाच तिने मला तिच्या कोटीच्या आकड्याची गोष्ट सांगितली. लहान असताना वडिलांनी तिला खडूने फरशीवर अंक शिकवले. तिने एकापासून नऊपर्यंतचे अंक ओळीने, एकमेकांना चिकटवून लिहिले. वडिलांनी ते एका दमात वाचले, "बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद." एवढा मोठा आकडा आपल्या हातून झाला याचं तिला इतकं नवल वाटलं की तिने ती फरशी दोन दिवस कुणाला पुसू दिली नाही.

"बारा, चौतीस, छप्पन्न," ती मला म्हणाली. "बघ कसे पायरीने चालत येतात. आणि वाटेल तसा उलटापालटा कर त्याला, नऊत बसतोच. आंधळ्याला काय. पण नऊने वाटून घेतल्यावर जो उरतो ना, तो कोण आहे ते अजून कळलं नाही मला."

नऊने भागल्यावर येतात एक कोटी सदतीस लाख सतरा हजार चारशे एकवीस. तो हट्टी आहे की कशात बसतो, हे अक्का शोधत होती. पद्धत साधी होती. एकेक हट्टी आकडा घ्यायचा आणि त्याने भागून बघायचं. सकाळी बसमध्ये टाकाऊ पॅकिंग स्लिपच्या पाठीवर भागाकार, संध्याकाळी परतताना गुणाकार करून ताळा. दिवसाला एक. किती पुढे जायचं तेही तिने स्वतःच काढलं होतं. "तीन हजार सातशे तीनच्या पुढे जायचं कारण नाही. दोन्ही बाजू त्याहून मोठ्या झाल्या तर गुणाकार पलीकडे जातो. एक तरी बाजू आत असणार. नसली, तर हट्टी." हे आम्ही विद्यार्थ्यांना प्रमेय म्हणून सांगत असू.

"घरी कर ना. दिवसाला पाच होतील," मी म्हटलं.

"घरी कुठे गे?" ती म्हणाली. "भावाचं कुटुंब, त्यांची सुना-नातवंडं. घरात मी सगळ्यांची अक्का. माझी म्हणून ही खिडकी तेवढी आहे."

मला हे कळलं तेव्हा ती सातशेच्या आसपास होती. दोन वर्षांनी तीन हजार एकशे एक्याऐंशीवर पोचली. आकडे मोठे होत गेले तसा पुढचा हट्टी कोणता हे ठरवण्यातच कधीकधी तिची सगळी सकाळ जायची. आणि तिच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते. बस सुटली की खिडकी सुटणार, आणि खिडकी सुटली की हे सुटणार. ती तसं बोलली नाही, पण हल्ली ती रस्त्यावरच्या गाड्यांकडे कमी बघू लागली होती आणि सकाळी माझ्याशी बोलणंही कमी झालं होतं. ड्रायव्हर मुनियप्पा रोज आरशातून विचारायचा, "अक्का, आय्ता?" म्हणजे झालं का. आणि ती हात हलवून नाही म्हणायची.

आमच्या विभागात तेव्हा नुकतं कॉम्प्युटरचं मशीन आलं होतं. मी म्हटलं, "अक्का, पुढचे हट्टी मी काढून देते. तीन हजार सातशेपर्यंतचे सगळे. तू फक्त भागत जा."

तिने माझा हात धरला. "देशील? यादी तुझ्यासारखी कुणाला जमणार गे!"

यात काही कपट नव्हतं. मी अगदी मनापासून म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत विभागात कुणी नसताना मी छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि यादी काढली. सदुसष्ट आकडे आले. मशीन सुरूच होतं, म्हणून मी त्याला अक्काचा एक कोटी सदतीस लाखांचा आकडाही विचारला. एंटर दाबून बोट उचलायच्या आत उत्तर आलं.

३६०७ × ३८०३.

हट्टी नव्हता. दोघांत बसत होता. हिरव्या अक्षरांत ते दोन आकडे आणि शेजारी लुकलुकणारी खूण. जगात तेव्हा हे फक्त मला ठाऊक होतं, निदान आमच्या बसपुरतं तरी. मी वाट बघितली. आता काहीतरी वाटेल, असं मला वाटत होतं. काही वाटलं नाही. शिपाई डबे गोळा करायला आला, तेव्हा मी स्क्रीन पुसला.

मनात एवढंच आलं की यादीत ३६०७ चोपन्नावा आहे, चोपन्नाव्या दिवशी हे अक्काला पेन्सिलीने मिळेल.

प्रिंटरची फीत फिकी झाली होती, म्हणून यादी मी हाताने उतरवली. आखीव कागद, तीन स्तंभ, निळी शाई. ३५८१, ३५८३, ३५९३. मग मी मशीनच्या कागदावर ३६०७ वाचला, पेन उचललं, आणि ३६१३ लिहिलं. हात चुकला नव्हता. शेवटी सवयीप्रमाणे खाली एकूण संख्या टाकली. मशीनच्या कागदावर सदुसष्ट होते. मी लिहिलं, एकूण ६६.

मी आयुष्यात किती याद्या केल्या याची गणती नाही. खोटी ही एकच.

तिने शेवटपर्यंत जावं, उत्तर हट्टी म्हणून ठरवावं, ते घेऊन आनंदात घरी जावं, आणि खरं काय ते माझ्याकडे राहावं, असं मला हवं होतं. इतकं सरळ मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

पुढचे त्रेपन्न दिवस मी तिच्या शेजारी बसले. रोज सकाळी ती ती यादी पिशवीतून काढायची, उलगडायची, त्या दिवसाच्या आकड्यावर बोट ठेवायची. मुलींना दाखवायची, "बघा, विमलाची यादी. छापल्यासारखी." डब्यातलं चित्रान्न झाकणात काढून आधी मला द्यायची. माझ्या पर्समध्ये पेन असायचं. अक्का, एक राहिला, एवढं म्हणायचं होतं. एखाद्या दिवशी मी ते आज म्हणायचं असं ठरवूनही निघायचे. मग ती भागाकारात गुंग झाली की तिच्या कपाळावर एक बारीक आठी यायची, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात यायचं, आणि ते बघितलं की मी वही उघडायचे.

चोपन्नाव्या दिवशी तिने ३६१३ ने भागलं. बाकी उरली. स्लिप घडी करून ठेवली. होसकोटे जवळ आलं होतं. समोरून टोमॅटोचा टेम्पो आला, अक्काने मान झुकवली, आणि मान तशीच झुकलेली ठेवून तिने पुन्हा यादी काढली.

"विमला, हा कुठाय?"

"कोण?"

"टोमॅटोवाला. तीन हजार सहाशे सात. यादीत नाही बघ."

मी म्हटलं, "तो हट्टी नसेल. मशीन चुकत नाही."

"हट्टी आहे गे. किती वर्षं मान देते मी त्याला. उगीच देईन काय?" तिने यादी नाकाजवळ धरली. "मशीन नाही चुकलं. तू उतरवताना गाळलास." आणि ती एकदम हसायला लागली. "दुसऱ्यांदा पकडलं तुला! चुकतेस गे तू पण! मला वाटत होतं, ही बाई माणूस आहे की रजिस्टर? बरं वाटलं बघ मला. ह्याला आत्ताच घेते."

दिवसाला एक हा तिचा नियम होता. त्या दिवशी तिने तो मोडला. स्लिपच्या उरलेल्या जागेत तिने आकडा मांडला. मी शेजारून बघत होते. तीनने भाग गेला, १०८२१ वजा केले. आठने गेला, १०८ उरले. मग शून्याने. मग शेवटचा एक खाली घेतला आणि उरले १०८२१.

पेन्सिल थांबली.

"हा तर वरच आहे," ती पुटपुटली. पेन्सिलीचं टोक खालच्या १०८२१ वरून वर गेलं, पहिल्या ओळीतल्या १०८२१ वर, आणि पुन्हा खाली आलं. तिने तीन लिहिलं. वजाबाकी केली. शून्य काढलं, रोज काढायची तेवढंच, जराही मोठं नाही.

मग तिने कागदावर तळवा ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. दोन लॉऱ्या गेल्या, एक कार गेली. ओठ हलले नाहीत. मी तिच्याकडे बघत होते. माझ्याकडे ते उत्तर दोन महिन्यांहून जास्त पडून होतं, घडी घालून ठेवलेल्या कपड्यासारखं, आणि मी ते एकदाही अंगाला लावलं नव्हतं. तिच्या त्या चेहऱ्यासाठी मी माझा पहिला वर्ग देऊन टाकला असता.

"बसला गे," ती हळूच म्हणाली. मग मोठ्याने, सगळ्या बसला ऐकू जाईल असं, "मुनियप्पा, बसला!"

मुनियप्पाने कारखान्याच्या फाटकापर्यंत हॉर्न वाजवला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. काय झालं ते त्यांतल्या निम्म्यांना कळलं नव्हतं.

संध्याकाळी परतताना तिने ताळा केला. ३८०३ हाही हट्टी आहे का ते एकसष्टपर्यंत जाऊन बघितलं. होता. मग पेन्सिल ठेवून तिने माझी यादी मांडीवर पसरली आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेली. दोन आकड्यांमधल्या प्रत्येक मोकळ्या जागेवर थांबत, ओठ हलवत. पुन्हा एकदा वरपासून. बस शहरात शिरली तरी तिचं चाललं होतं.

"बाकी एकही गाळला नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

"मशीनला माझा आकडा विचारला होतास?"

"हो."

"यादी लिहायच्या आधी?"

"आधी."

"सरी," अक्का म्हणाली.

सरी म्हणजे ठीक आहे. भाजीवाल्याने भाव सांगितला की ती सरी म्हणायची, मुनियप्पाने उशीर होईल म्हटलं की सरी. त्या संध्याकाळी ती तेवढंच बोलली आणि बसवनगुडीला उतरली.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या बसला चिरोटे आणले. मला दोन दिले, सगळ्यांना दोन-दोन दिले तसेच. माझ्याशी ती रागाने वागली नाही. "स्वल्प सरक गे, विमला" पूर्वीसारखंच होतं, चित्रान्नही होतं. फक्त खिडकीतून नंबर बघताना ती आता निकाल बोलून दाखवत नसे. ओठ हलायचे, एखाद्या गाडीला मान झुकायची, आणि ते तिच्याकडेच राहायचं. सात वर्षं मला ते न मागता ऐकायला मिळत होतं. मी तेव्हा यादी करत असायचे.

त्या दिवसांतली माझी वही अजून आहे. रोजच्या कामांत शेवटची ओळ आहे, अक्काशी बोलणे. अकरा दिवस ती ओळ पुढच्या पानावर ढकललेली आहे. बाकीच्या सगळ्या कामांवर खूण आहे.

बाराव्या दिवशी ती निवृत्त झाली. कारखान्याने शाल आणि नारळ दिला, मॅनेजर दोन शब्द बोलले, तिच्या नोकरीची वर्षं सांगताना त्यांनी आकडा चुकवला आणि तिने तो बसल्या जागेवरून दुरुस्त केला. परतीच्या बसमध्ये ती शाल मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. मुली रडल्या. मी बोलायचं वाक्य मनात जुळवत होते आणि ते पूर्ण व्हायच्या आत बसवनगुडी आलं.

अक्का उठली. पिशवीतून घडी केलेला कागद काढून माझ्या वहीवर ठेवला. "घे तुझी यादी. मला आता लागत नाही."

ती उतरली. एका हातात शाल, एका हातात डबा आणि नारळ. रस्ता ओलांडायला ती फूटपाथच्या कडेला थांबली, तेवढ्यात समोरून एक ऑटो गेली. मला काचेतून तिचे ओठ हलताना दिसले. मग ती हलली नाही, वाहनं थांबली तरी उभी राहिली, आणि ऑटो वळणावर दिसेनाशी झाल्यावर तिकडे बघून तिने मान झुकवली. मग रस्ता ओलांडून गेली. बसकडे तिने बघितलं नाही.

खिडकी मोकळी होती. मी सरकले नाही. यादी उघडली. ३५९३ आणि ३६१३ यांच्या मधल्या फटीत पेन्सिलीने, बारीक, ३६०७ लिहिलेला होता. खाली माझ्या निळ्या शाईतल्या 'एकूण ६६' मधला दुसरा सहा खोडून त्याचा सात केला होता. शेजारी तिच्या गोल अक्षरात एक ओळ होती.

हाही हट्टी. मशीनला विचारू नकोस.

मी वही मिटली. पेनही काढलं नाही. सदुसष्ट दोनांत बसत नाही. तीनांत नाही, पाचांत नाही, सातांत नाही. त्यापुढे जायचं कारण नव्हतं, तरी जे. पी. नगर येईपर्यंत मी पुन्हा दोनांपासून सुरू करत होते.